ताठ, बळकट, चिवट

अंबाडी वाळली की नाही, हे तुळशीराममामा गालाने बघायचे. तंतूंची जुडी उचलायची, डाव्या गालाला लावायची आणि डोळे मिटून क्षणभर थांबायचं. मग एक तर "झाली" म्हणायचं, नाही तर जुडी पुन्हा उन्हात तापलेल्या पत्र्यावर पसरायची. नवी मुलं हे बघून हसत. पहिल्या दिवशी मीही हसलो होतो. पुढे कळलं की मामांच्या बोटांच्या शेंड्यांना काही समजतच नाही. तरुणपणी चुना कालवण्याची आणि नंतर सोड्याच्या पाण्यात लोखंड धुण्याची कामं करून त्यांची बोटं गुळगुळीत आणि मुकी झाली होती. चहाचा कडकडीत पेला ते सहज धरून ठेवत आणि ओठ भाजले की मग त्यांना कळे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी परभणीत एका तांत्रिक शिक्षणाच्या संस्थेत अधिव्याख्याता म्हणून रुजू झालो. संस्थेचं नाव लिहीत नाही. जे चुकलं ते माझं चुकलं. पुण्याहून शिकून आलेलो, वय पंचवीस, नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. पदार्थांचं बळ हा माझा विषय. प्रयोगशाळेत ताणून आणि वाकवून बघण्याचं एक मोठं यंत्र होतं आणि त्यावर घड्याळासारखी तबकडी. तबकडीत दोन काटे. भार काढला की काळा काटा शून्यावर परत यायचा आणि तांबडा जिथवर गेला तिथंच थांबायचा. मामा तांबड्याला 'साक्षीदार' म्हणत.

मामा पदाने परिचर. दार उघडायचं, यंत्र पुसायचं, सामान द्यायचं-घ्यायचं. रोज पिंगळीहून सकाळच्या गाडीने येत. छप्पनच्या दीक्षेनंतर त्यांच्या घरातले देव गेले होते. प्रयोगशाळेतल्या त्यांच्या कपाटाच्या दाराला बुद्धाचा लहानसा फोटो होता, पण आतल्या बाजूने. तो बाहेर का लावला नाही, असं मी एकदा विचारलं.

"भाईर लावला की लोकं फोटोकडं बघून माझ्याशी बोलत्यात," मामा म्हणाले. "आत आसला की माझ्याकडं बघून बोलत्यात."

त्या वेळी मला ते बोलणं फारसं कळलं नाही.

माझ्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. मी वर्गात इंग्रजी पुस्तकातल्या व्याख्या फळ्यावर लिहून देत होतो. मुलं बहुतेक जिंतूर, सेलू, गंगाखेडकडची. मान हलवून उतरवून घेत होती. चारठाण्याचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, पण मजबूत म्हंजी नेमकं काय?" मी तीच व्याख्या पुन्हा वाचली, फक्त जरा मोठ्या आवाजात. मागे यंत्र पुसत असलेले मामा खाकरले.

"सर, बोलू का?"

मी नाइलाजाने हो म्हणालो.

"मजबूत आसा काई एक गुण न्हाई बाप्पा. तीन हायेत. ताठ येगळं, बळकट येगळं, चिवट येगळं." त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला. "ह्यो खडू. वाकतो का? न्हाई. म्हंजी ताठ. पण ह्याच्यावर चिमणी बसली तरी मोडंल." मग खुंटीवरचं सुंभ काढलं. "हे सुंभ. बैल बांधा, तुटायचं न्हाई. बळकट. पण हेला जरा उभं करून दावा बरं!" मुलं हसली. शेवटी त्यांनी तारेचा तुकडा उचलला आणि बोलता बोलता तो या बाजूला, त्या बाजूला वाकवत राहिले. "आन् ही तार. वाकली, फिरून वाकली, मोडंना. मोडायच्या आदी लय तरास देती. ही चिवट."

मागून कुणीतरी ओरडलं, "मामा, आन् तुमी कोण?"

"ते माझ्या बायकोला इचार. ती म्हणती, निस्ता ताठ."

वर्ग खदखदून हसला. मी हसलो नाही. माझा तास एका परिचराने घेतला, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. पुढच्या वर्षी मात्र मी खडू, सुंभ आणि तार घेऊनच वर्गात गेलो आणि ते तीन शब्द माझेच असल्यासारखे शिकवले. मामा मागे यंत्र पुसत होते. तास संपल्यावर म्हणाले, "सर, आज पोरांना समजलं."

दुष्काळ सरल्यानंतरच्या एका सोमवारी मामा मोडक्या जुवाचा अर्धा तुकडा खांद्यावर घेऊन आले. त्यांच्या मेहुण्याचं गाव सोनपेठजवळ. चालत्या गाडीत बाभळीचं जू मोडलं होतं आणि त्याच्या टोकदार ढलप्या बैलाच्या मानेत घुसल्या होत्या.

"बघा सर. बाभूळ बळकट हाय, ताठ हाय. पण मोडली ती एकदम मोडली. सांगून मोडली न्हाई. आन् वझं किती! बैलं आधीच खंगलेली."

मुलांच्या प्रयोगासाठी मुंबईहून राळेचे डबे आलेले होते. पातळ राळेत घट्ट करणारं द्रव्य मिसळलं की ती दगडासारखी होते. मामांचं म्हणणं, अंबाडीचे तंतू राळेत बसवून जू करायचं, म्हणजे ते हलकं होईल. आणि जिथे ताण पडतो त्या बाजूला लांबीभर पोलादी तारा घालायच्या.

"निस्ती अंबाडी तुटायला आली तर सांगत न्हाई, एकदम जाती," ते म्हणाले. "तार वाकून सांगती. गाडीवाल्याला कळंल, आता थांबायला पायजे. बैलाची मान वाचंल."

मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा मला त्यात एक शोधनिबंध दिसला. आम्ही हातभर लांबीच्या पट्ट्या करायला लागलो. नुसत्या अंबाडीची पट्टी यंत्रावर कडाडकन दोन तुकडे होऊन पडायची. तारा घातलेली पट्टी जास्त भार घ्यायची आणि हरली तरी तुकडे होत नसत. वाकून, कुरकुरत, दोन टेकूंवर लोंबत राहायची. ती तशी लोंबली की मामा तिच्याकडे कौतुकाने बघत.

"सगळी गंमत पकडीत हाय सर. राळेनं तारंला धरलं पायजे, अंबाडीला बी धरलं पायजे. पकड सुटली की दोघी आपापल्या घरी."

त्या पकडीसाठी ते जिवाचं रान करत. तारा सोड्याच्या पाण्यात उकळायच्या, धुवायच्या, सँडपेपरने घासायच्या, वाळवायच्या आणि राळेत जाईपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाही. अंबाडी उन्हात आणि मग गालाला. त्यांच्या पट्ट्या कधी दगा देत नसत. मी केलेल्या देत.

प्राचार्यांना हे आवडलं. औरंगाबादहून खात्याचे अधिकारी येणार होते. त्यांच्यासमोर पूर्ण आकाराचं जू यंत्रावर चढवायचं ठरलं. ते टिकलं तर शेतात वापरून बघायला दहा-बारा जुवं करायची आणि मामांना कर्मशाळेत मुलांना हातकाम शिकवायला निदेशक म्हणून घ्यायचं, असं प्राचार्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेला परिचर निदेशक होणार होता. त्या दिवशी मामांनी आपलं कपाट दोनदा उघडून बंद केलं.

आता मी काय केलं, त्यावर येतो.

प्रयोगशाळेत एक नियम होता आणि तो मीच लिहून भिंतीवर लावला होता. दर शनिवारी सुट्टीआधी लोखंडाच्या प्रत्येक वस्तूला तेलाचा हात फिरवायचा. पावसाळ्यात दोन दिवसांत गंज चढायचा. मामा शुक्रवारी संध्याकाळीच मेहुण्याकडे गेले होते, म्हणून शनिवारी तेलाचा हात मी फिरवला. पक्कडी, कानशी, यंत्राचे जबडे. शेवटी कोपऱ्यातल्या थाळीत मला जुवाच्या तारा दिसल्या. घासून पांढऱ्याशुभ्र झालेल्या. बाहेर पाऊस लागला होता. मला वाटलं, मामांची एवढी मेहनत गंजून जाईल. मी एकेक तार उचलून तेलाच्या फडक्याने पुसली आणि मग कोरड्या फडक्याने पुन्हा पुसली. मनापासून पुसली. पकडीचं सगळं गणित मला पाठ होतं आणि हात मात्र शनिवारचं काम करत होते.

सोमवारी मामा आले. थाळीकडे बघून म्हणाले, "सर, ताराला कुणी हात लावला न्हाई ना?"

वर्गात मुलं होती. त्या क्षणी मला आठवलं की मी तेल लावलंय. त्या क्षणी मला हेही वाटलं की हे परिचर मला मुलांसमोर जाब विचारतायत.

"कोण लावणार?" मी म्हणालो.

त्यांनी एक तार उचलून बोटांत फिरवली. त्यांच्या बोटांना काही कळणार नव्हतं, हे मला माहीत होतं. त्यांनी माझ्या शब्दावर थाळी उचलली.

एकट्यात सांगायला मला पुढे सबंध सकाळ होती. राळ ओतायला त्यांनी दुपारी घेतली. मी शेजारी उभा राहून द्रव्य मोजून देत होतो. पातळ तर तेल, आणि पुसलंय की दोनदा, काही होणार नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

अधिकारी आले त्या दिवशी मामांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. जू यंत्रावर चढलं. भार वाढायला लागला. आमच्या पट्ट्यांवरून काढलेल्या अंदाजाच्या निम्म्यावरही काटा गेला नसेल, तोच चर्र असा लांब आवाज झाला आणि जू खालच्या बाजूने उघडलं. तारा तुटल्या नव्हत्या, वाकल्याही नव्हत्या. राळेतून सरळ सरकून बाहेर आल्या होत्या, उशीतून सुया याव्यात तशा. काळा काटा खाली पडला आणि साक्षीदार वर लाजिरवाण्या जागी राहिला.

"काय रे मामा," प्राचार्य म्हणाले, "अंबाडी वाळवली नव्हतीस काय?"

"वाळवली व्हती साहेब. गालाला लावून बघितली."

"गालाला!" एक अधिकारी म्हणाला आणि बाकीचे हसले.

आमचे हेडक्लार्क दारात उभे होते. "आळस केला असणार, साहेब," ते म्हणाले. "या लोकांवर असली कामं सोपवायची म्हणजे..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पुरं करायची गरज कुणाला वाटली नाही.

प्राचार्य माझ्याकडे वळले. "तुमचं मत काय?"

माझ्या हातात बाहेर आलेल्या तारेचं टोक होतं. ते चकाकत होतं. अंगठा फिरवला तर निसटत होता. माझ्या बोटांना कळत होतं.

"ओल राहिली असावी," मी म्हणालो.

मामांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं झालं असतं. वर्गात एखादा मुलगा शिक्षकाकडे बघतो तसं ते बघत होते.

"सर म्हणत्यात तर आसंल साहेब," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. "सर, ओल कुठून आली आसंल? मला समजंना."

इथे तरी मी थांबायला हवं होतं. मी फळ्यापाशी गेलो, आकृती काढली आणि हवेतली ओल तंतूत कशी शिरते, गालाला का कळत नाही, जाड वस्तूत राळेची पकड आतून कशी सुटते, हे सगळं नीट समजावून सांगितलं. त्यात पुस्तकाबाहेरचं काही नव्हतं. आमच्या जुवापुरतं ते खोटं होतं. मामा शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हंजी आपल्या हवेत हे जमायचंच न्हाई," ते म्हणाले.

"कठीण आहे," मी म्हणालो.

त्या दिवसानंतर त्यांनी गालाला अंबाडी लावलेली मी पाहिली नाही. निदेशकाचं बोलणं पुन्हा कुणी काढलं नाही. महिन्याभरात त्यांना गोदामात बसवलं. मी पक्का झालो. गोदामात खडू-फडकं आणायला गेलं की मामा उठून उभे राहत, वहीत नोंद करत आणि विचारत, "पोरांना समजायलंय ना सर?" मी हो म्हणून निघत असे. असं चार वर्षं चाललं. मग ते निवृत्त झाले.

दशक संपता संपता माझी बदली झाली. परभणीतल्या शेवटच्या रविवारी मी गाडीने पिंगळीला गेलो. मामांचं घर स्टेशनपासून जवळच. ते अंगणात खाटेला नवी दोरी भरत होते. बायको कोंडाबाई दारात ज्वारी निवडत बसल्या होत्या.

"या सर, या! कशे आलाव?" मामा म्हणाले. "आगं, सर आलेत. च्या टाक."

चहा येईपर्यंत थांबलो तर मी बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून उभ्यानेच सांगितलं. शनिवार, थाळी, तेलाचं फडकं, मग माझं "कोण लावणार". तारेवरून निसटणारा अंगठा. सगळं.

मामांच्या हातातली दोरी थांबली.

"कोंचं तेल?"

"यंत्राचं. पातळ."

"पुसलं व्हतं?"

"कोरड्या फडक्याने. दोनदा."

"तरीच दिसलं न्हाई," ते स्वतःशीच म्हणाले. आणि मग एकदम, "म्हंजी अंबाडी वाळलेली व्हती."

"हो."

"मंग जू चुकलं न्हवतं."

"नाही. जू बरोबर होतं."

कोंडाबाईंनी सूप खाली ठेवलं. "आन् हेन्ला चार सालं गोदामात बसवलं ते? हापिसात सांगितलं का तुमी आता?"

"नाही," मी म्हणालो. "प्राचार्य बदलून गेले."

"हेडक्लार्क तर हाय ना? त्यो तर जागेवरच हाय!"



"तू थांब जरा," मामा त्यांना म्हणाले आणि माझ्याकडे वळले. आवाज चढला नव्हता. "सर, निदेशकाचं जाऊ द्या. ते मिळालं असतं, न्हाई बी मिळालं असतं. लोकं हसले, ते बी मी सोसलं. पण तुमी मला फळ्यावर शिकवलं. मी ते खरं धरलं. सोनपेठला एक सुतार हाय, मुंजाजी नावाचा. आपल्या पट्ट्या बघून गेल्ता तो. दोन सालं झाली, राळंचा डबा घिऊन माझ्याकडं आला. मामा, दावा म्हणला कसं करायचं ते. मी म्हणलं, नाद सोड बाप्पा. आपल्या हवेत अंबाडी वाळतच न्हाई, सरांनी सांगितलंय. तुमचं नाव घिऊन सांगितलं मी. त्यो डबा घिऊन माघारी गेला."

मी माफ करा म्हणालो. ते माझ्याकडे न बघता उठले, घरात गेले आणि एक पोस्टकार्ड घेऊन आले. मामा निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. मराठी भराभर वाचत, पण लिहायला बेजार होत.

"बसा," ते म्हणाले. "लिवा. तुमचं अक्षर चांगलं हाय."

मी खाटेच्या अर्ध्या विणलेल्या दोरीवर बसलो. मामा उभ्याने सांगत होते.

"मुंजाजीस सप्रेम. जुवाचं मी तुला सांगितलं ते चूक व्हतं. अंबाडी उनात चांगली वाळती. तार सोड्यात उकळून घ्यावी. घासावी. तेलाचा हात लागू देऊ नये. लिवलं?"

"लिहिलं."

"आपलं जू मोडलं ते तारंला तेल लागल्यामुळं. ते तेल..." ते थांबले. "हितून तुमच्याकडनं लिवा. तेल मी माझ्या हातानं लावलं. मी सांगितलं न्हाई. खाली तुमची सही, हुद्द्यासकट."

मी लिहिलं. सही केली, हुद्दा लिहिला. त्यांनी कार्ड घेतलं, डोळ्यांपासून लांब धरून अख्खं वाचलं आणि एका जागी बोट ठेवून मला परत दिलं. "हितं 'तेल लागलं' लिवलंय. 'लावलं' करा." मी 'लावलं' केलं.

चहा झाला. कोंडाबाईंनी पेला माझ्यासमोर ठेवला, पण घ्या म्हणाल्या नाहीत. गाडीची वेळ झाली तसा मी उठलो आणि म्हणालो, "द्या मामा, परभणीला उतरलो की टाकतो. लवकर जाईल."

"न्हाई," मामा म्हणाले. "तुमच्याकडं न्हाई देत."

ते माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत आले. कार्ड सदऱ्याच्या खिशात न ठेवता हातातच धरलं होतं. स्टेशनच्या भिंतीवरच्या लाल पेटीत त्यांनी ते टाकलं, वाकून फटीतून आत पडलं का बघितलं आणि वळले. लांबून गाडी येताना दिसत होती. ती येईपर्यंत ते थांबले नाहीत. मी डब्याच्या दारात उभा राहिलो तेव्हा ते रूळ ओलांडून पलीकडच्या पायवाटेला लागले होते, रोजची गाडी गाठायला निघाल्यासारखे झपझप, पाठमोरे.